वस्तू कुणाच्या हातात जाणार?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असताना किंवा चार-दोन वर्षं नोकरी केल्यावर ज्यांना प्रॉडक्ट डिझाइनकडे जावंसं वाटू लागतं, अशा मराठी मुलामुलींसाठी हे पुस्तक आहे. ही मुलं मुंबई-पुण्यात असतात, तशीच नागपुरात, अमरावतीत, इंदुरात आणि मी राहतो त्या रायपुरातही असतात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : मग ही चार वर्षं वाया गेली का? मुलांच्या मनात दुसरंच काही चाललेलं असतं, पण ते त्यांना नीट मांडता येत नाही. म्हणून ती गप्प बसतात, आणि घरात त्या गप्प बसण्याचा अर्थ 'पोरगं भरकटलं' असा होतो.

त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. चार जण मिळून एखादं यंत्र बनवतात. ते चालतं, परीक्षक बघून जातात, गुण मिळतात आणि यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाऊन पडतं. तिघांना त्याचं काही वाटत नाही. चौथ्याला मात्र वाटत राहतं : हे वापरणार कोण होतं? त्याला ते उचलता आलं असतं का? बिघडलं तर त्यानं ते कुणाकडे नेलं असतं? अभ्यासक्रमात याची उत्तरं नसतात, कारण तिथे हे प्रश्नच नसतात. ज्या कुतूहलाबद्दल हे पुस्तक आहे, ते हेच. त्याचा सौंदर्याशी संबंध आहे, पण तो पुढे येतो. आधी येतो तो माणूस, ज्याच्या हातात ती वस्तू जाणार आहे.

तेलीबांध्याचंच उदाहरण घेतो. रायपूरचा हा भाग जी. ई. रोडवर, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोडवर आहे. इथल्या तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. धमतरीकडे जाणाऱ्या छोट्या लाइनचं इथे स्टेशन होतं. तो लोहमार्ग आता उठला आणि त्याच पट्ट्यावरून एक्सप्रेस-वे गेला. याच जी. ई. रोडनं शहर ओलांडून पलीकडे गेलं की एनआयटी लागतं. 1956 साली ते खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय म्हणून सुरू झालं, 2005 साली त्याचं एनआयटी झालं. शहराच्या एका टोकाला इंजिनिअर घडवणारी संस्था आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळी गर्दीनं फुलणारा तलाव. मला या दोन टोकांमधल्या अंतराबद्दल बोलायचं आहे.

संध्याकाळी अशा गर्दीत गुपचुपचा ठेला उभा असतो. पाणीपुरीला छत्तीसगडात गुपचुप म्हणतात. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला तो ठेला दाखवला की त्याला आधी आस दिसतो, चाकांवरचा भार दिसतो, गुरुत्वमध्य फार वर गेलाय हे दिसतं. हे बरोबरच आहे. ही नजर कमवायला त्याची चार वर्षं गेलीत. पण तिथेच अर्धा तास उभं राहिलं तर आणखी बऱ्याच गोष्टी दिसू लागतात. विकणाऱ्याचा उजवा हात सतत ओला असतो. लहान मुलाच्या डोळ्यांना ठेल्याची कडा लागते, म्हणून आई त्याला उचलून घेते. वापरलेले द्रोण टाकायचा डबा गिऱ्हाइकाच्या मागे आहे, त्यामुळे निम्मे द्रोण खाली पडतात. रात्री ठेला फुटपाथवरून खाली उतरवताना बायको एका बाजूनं धरते, आणि तिनं धरायचं कुठे याचा विचार ठेला बनवताना कुणी केलेला नाही. हात कायम ओला, धरायची जागा नाही, मुलांना दिसत नाही : अशा प्रत्येक अडचणीला इंजिनिअरिंगचं उत्तर आहे. फक्त ती अडचण इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडत नाही, ठेल्यापाशीच सापडते.

त्या ओल्या हाताचीच गोष्ट पुढे नेतो. मोबाइलवरून पैसे देणं सुरू झालं तेव्हा ठेलेवाल्याची पंचाईत झाली. गिऱ्हाईक म्हणतं 'दिले', आणि खरंच आले का ते बघायला हात पुसून फोन काढावा लागतो. समोर दहा माणसं उभी असताना ते जमत नाही. 2019 साली पेटीएमनं साउंडबॉक्स आणला : पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं बोलून सांगणारी छोटी डबी. तिच्यात असतं काय? सिम कार्ड, बॅटरी, स्पीकर आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. यातलं काहीही त्या वर्षी नव्यानं शोधलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही चांगल्या विद्यार्थ्याला ती बनवता आली असती. फक्त ठेलेवाल्याचा हात ओला आहे, नजर पुऱ्यांवर आहे आणि कान मोकळा आहे, हे आधी कुणाला तरी दिसायला हवं होतं. आज देशभरच्या ठेल्यांवर, पानटपऱ्यांवर, भाजीच्या गाड्यांवर ती डबी बोलत असते. प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे काय हे घरच्यांना सांगायचं असेल, तर ती डबी दाखवा. व्याख्येची गरज पडणार नाही.

हे कुतूहल काय करू शकतं याचं माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण अरविंद गुप्ता यांचं आहे. त्यांना लोक 'खेळणीवाले' म्हणून ओळखतात, डिझायनर म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. मी मात्र त्यांना डिझायनरच म्हणेन. आयआयटी कानपूरमधून 1975 साली ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागले. 1978 साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे 1972 पासून सोळा खेड्यांतल्या शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचा उपक्रम चालू होता. रायपूर त्या वेळी त्याच मध्य प्रदेशात होतं.

गावात प्रयोगशाळा नव्हती. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतूनच काय ते करायचं होतं. सायकलच्या व्हॉल्वला लागणारी पातळ रबरी नळी त्यांनी घेतली, तिचे छोटे तुकडे केले आणि दोन्ही बाजूंनी आगकाड्या खोचल्या. सांधा तयार झाला. तो वाकतो, पण सुटत नाही. अशा चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर दाबला की तो तिरपा होऊन बसतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. रेल्वेच्या पुलाला त्रिकोण का असतात, विजेच्या मनोऱ्याला का असतात, हे सहावीतल्या मुलाला एका मिनिटात, स्वतःच्या बोटांनी कळतं. नळीला काट्यानं भोक पाडून तिसरी काडी खोचली की तीन दिशांचा सांधा होतो. मग घन होतो, घर होतं, पाहिजे ती रचना होते.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. त्रिकोणाचा हा गुण इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात सगळेच शिकतात. ट्रसची गणितं सोडवतात, गुण मिळवतात. गुप्तांनी तेच ज्ञान घेतलं आणि त्यासमोर एक वेगळी अट ठेवली : खेड्यातल्या मुलाला परवडेल, हरवलं तर दुसरं मिळेल, आणि तुटलं तर त्यालाच दुरुस्त करता येईल. अट बदलली आणि वस्तूही बदलली. त्यांचं ज्ञान वाया गेलं नाही, उलट पहिल्यांदा पूर्णपणे वापरात आलं. त्यांचं आगकाड्यांच्या प्रतिकृतींचं पहिलं पुस्तक 1987 साली आलं आणि अनेक भारतीय भाषांत गेलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरच्यांना 'चार वर्षं वाया गेली का' याचं उत्तर हवं असेल, तर मी हेच देईन.

मोठ्या कारखान्यातही हे घडू शकतं. जी. ई. रोडवरून दिवसभर धावणारा 'छोटा हाथी', म्हणजे टाटा एस, 2005 साली बाजारात आला. त्याच्या चमूचे प्रमुख गिरीश वाघ इंजिनिअर. या चमूनं आधी तीनचाकी मालगाड्या चालवणाऱ्यांशी बोलायचं ठरवलं. किती माल लागतो, किती वेग लागतो, हे तर विचारलंच. पण एका चालकानं सांगितलं की चारचाकी असती तर गावात लग्नाचं जमणं सोपं गेलं असतं. कुठल्याही तांत्रिक तक्त्यात न बसणारी ही माहिती. तरीही तिनं गाडीचा एक मूलभूत निर्णय पक्का केला : चाकं चारच हवीत. दोन सिलिंडरचं छोटं इंजिन हा त्या गाडीतला इंजिनिअरिंगचा भाग. चालकाची गावातली पत ओळखणं हा डिझाइनचा भाग. दोन्ही एकाच टेबलावर ठरलं, म्हणून गाडी चालली.

काही जण रीतसर शिकून या बाजूला आले. रामकृपा अनंतन बिट्स पिलानीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकल्या आणि 1997 साली महिंद्रात रुजू झाल्या. 2011 सालच्या एक्सयूव्ही 500 या गाडीच्या डिझाइनचं नेतृत्व त्यांनी केलं. आयडीसी, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, पवईला 1969 साली सुरू झालं. त्याची उभारणी करणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले. आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला. तंत्रज्ञान शिकलेल्या मुलांना पुढे डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण द्यायचं, हा आयडीसीचा पहिल्यापासूनचा मार्ग आहे. आज त्यासाठी सीड ही परीक्षा आहे. तिचा एक भाग संगणकावर होतो आणि एक भाग कागदावर, हातानं काढून. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी. एनआयडीची स्थापना 1961 सालची. त्याआधी 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याकडे त्यांनी अतिशय आदरानं पाहिलं होतं : तो किती पाणी धरतो, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, रिकामा कसा वाटतो, घासायला कसा आहे. या प्रश्नांतला निम्मा भाग इंजिनिअरचा आहे. प्रवेशाचे बारीक तपशील या पुस्तकात पुढे आहेत, इथे ते लांबवत नाही.

परीक्षेतल्या चित्राची मुलांना भीती वाटते. 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची सवय झालेल्या हाताला ठरलेली वस्तू काढता येते : मापं पक्की, रेषा पक्क्या. डिझाइनचं रेखाटन वस्तू ठरायच्या आधी करतात. ते कच्चं असतं, एकाच पानावर सात वेळा वेगवेगळं असतं, आणि तसंच असायला हवं. त्यासाठी जे. जे.मधून शिकून यावं लागत नाही. रोज काढलं तर हात बसतो.

आणि चित्र व यंत्र या दोन घरांमधली भिंत आपल्याकडे कधीच फार जाड नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले ते चित्रकार व्हायला. काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. मग बेळगावात सायकलींचं दुकान, त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर जाऊन पालथी करतो. यंत्र म्हणून हे श्रेष्ठ होतं यात शंका नव्हती. तरीही शेतकरी घेईना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोनेक वर्षं लागली.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका जमिनीवर आहे, त्यानं त्या जमिनीत अनोळखी धातू घालताना दहा वेळा विचार करणं शहाणपणाचंच आहे. लक्ष्मणरावांचं मोठेपण मला त्या दोन वर्षांत दिसतं. नांगर चांगला आहे हे त्यांना माहीत होतं, पण तेवढ्यानं भागणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि ते चिकाटीनं शेतकऱ्याच्या मागे राहिले. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्या नांगराच्या जोरावर.

बाहेरच्या जगातला एकच माणूस सांगतो. डॉन नॉर्मन शिकले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पुढे मानसशास्त्रज्ञ झाले. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड इथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. तेव्हा चालकांनी एवढ्या चुका का केल्या, हे तपासायला त्यांच्यासारख्यांना बोलावलं गेलं. त्यांना दिसलं की नियंत्रण कक्षाची रचनाच अशी होती, की तिथे चूक होणं जवळजवळ ठरलेलं होतं. 1988 साली त्यांनी रोजच्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं. ढकलायचा दरवाजा आपण ओढतो तेव्हा दोष आपला नसतो, दरवाजाचा असतो, हे त्यानंतर जगाला पटलं. इंजिनिअरनं हे वाचलंच पाहिजे, कारण 'वापरणाऱ्यानं चूक केली' हे वाक्य आपल्या धंद्यात फार सहज उच्चारलं जातं.

आता आमच्या छत्तीसगडाबद्दल. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ 1935 सालचं. त्यानंतरच्या पिढ्या भिलाईमुळे आल्या. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि 'भिलाईत लागला' हे घराघरांतलं सुखाचं वाक्य झालं. त्या सुखाला मी नावं ठेवत नाही, ते पिढ्यांनी कष्टानं मिळवलेलं आहे. मात्र एक गोष्ट मला सलते. हा प्रदेश देशाला लोखंड देतो, सिमेंट देतो, ॲल्युमिनियम देतो. रेल्वेचे रूळ भिलाईत बनतात. रायपूरजवळ उरला-सिलतऱ्याच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात. आणि आपल्या घरातली खुर्ची, कुकर, पंखा, शिलाई यंत्र, मुलाची तीनचाकी यातलं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. आपण धातू विकतो आणि आकार विकत घेतो.

असं कायमच नव्हतं. अगरिया लोक या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या छोट्या मातीच्या भट्टीत लोखंड काढत आले. कोंडागावचे ढोकरा कारागीर आजही मातीच्या गाभ्यावर मेणाचा धागा गुंडाळून आकार घडवतात, वरून माती लिंपतात, भाजताना मेण वितळून जातं आणि त्या जागी धातू ओततात. इथे आकार ठरवणारा आणि धातू ओतणारा माणूस एकच असतो. वस्तूचा विचार आणि वस्तूची कृती वेगळी काढता येत नाही, हे त्याच्याकडे बसल्यावर अर्ध्या दिवसात कळतं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं तिथे जावं. मात्र 'सुधारणा' सुचवायला जाऊ नये. वही घेऊन जावं, विचारावं, आणि त्यानं सोपवलं तर एखादं काम हातानं करावं.

एक सावधगिरी. नोकरीच्या जाहिरातींत आजकाल 'प्रॉडक्ट डिझायनर' म्हणजे बहुतेक वेळा ॲपचे पडदे आखणारा. त्या कामालाही मान आहे, त्यातही माणूस समजून घ्यावा लागतो. पण आठ आठवड्यांत सॉफ्टवेअर शिकवून डिझायनर करून देणारे वर्ग पाहिले की मला काळजी वाटते. साधन शिकवता येतं. ठेल्यापाशी अर्धा तास उभं राहायची सवय वर्गात लागत नाही. आणि नुसतं उभं राहूनही भागत नाही. पाहिलेलं पुठ्ठ्यात, थर्माकोलमध्ये, लाकडात करून बघायला लागतं, ते मोडायला लागतं, पुन्हा करायला लागतं. हातानं काही न बनवणारं कुतूहल वर्षभरात सुकतं, असं माझं निरीक्षण आहे. इथेच इंजिनिअरिंगची चार वर्षं कामाला येतात. ज्यानं लेथवर हात काळे केलेत, ज्याला टॉलरन्स कळतो, साचा कसा निघतो हे माहीत आहे, त्याची कल्पना कागदावरून बाहेर येते. ज्याला ते येत नाही, तो सुंदर चित्रं काढतो आणि कारखान्यातला फिटर ती चित्रं परत पाठवतो.

हा रस्ता पैशाच्या दृष्टीनं सरळ नाही, हेही सांगायला हवं. पदव्युत्तर दोन वर्षं जातात, आणि सुरुवातीचा पगार बरोबरीच्या मित्रापेक्षा कमी असू शकतो. घरात कर्ज असेल, तर आधी नोकरी करून मग जाणं अधिक शहाणपणाचं. कारखान्यात काढलेली ती वर्षंही पुढे उपयोगी पडतात, आणि अशा मुलांना संस्थेत शिक्षकही गंभीरपणे घेतात.

शेवटी दोन विनंत्या. पहिली रायपूर, भिलाई, बिलासपूर, नागपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना : आपल्या कार्यशाळा वर्गाच्या वेळेनंतरही विद्यार्थ्यांसाठी उघड्या ठेवा, शेजारी एक फिटर बसवा, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला 'हे कुणासाठी केलं, त्यांना किती वेळा भेटलात' या प्रश्नाचे गुण ठेवा. दुसरी पालकांना : मुलगा किंवा मुलगी डिझाइनचं बोलू लागली, तर 'मग चार वर्षं वाया का?' हे विचारायच्या आधी 'कुठली वस्तू? कुणासाठी?' एवढं विचारा. तिच्याकडे त्याचं उत्तर तयार असेल, तर तिला जाऊ द्या.